भुलीआधीचा प्रश्न

त्यांची स्कूटर फाटकातून आत आली की प्रसूतिगृहातल्या सिस्टर एकमेकींना म्हणत, "आली बघा उलटतपासणी." समोर मात्र सगळे त्यांना सर म्हणत. सर भूल द्यायचे. शहरातले सात-आठ दवाखाने ठरलेले. फोन आला की बॅग उचलायची आणि निघायचं. स्वतःचा दवाखाना नाही, नावाची पाटी नाही. ज्यानं पोट फाडलं त्याचे लोक जन्मभर आभार मानतात, आणि ज्याच्यामुळे ते फाडलेलं कळलं नाही त्याचा चेहराही कुणाच्या लक्षात राहत नाही, असला हा धंदा. बायको चिडवायची, "अहो, लोकांनी तुम्हाला विसरावं म्हणूनच तर तुम्हाला बोलावतात." त्यावर सर काही बोलत नसत. बोलायचे ते थिएटरमध्येच, आणि तिथे मात्र नको इतकं.

उलटतपासणी हे नाव एका सवयीनं पडलं होतं. कधी जेवलात, दात हलतो का, दमा आहे का, हे सगळे भुलीचे डॉक्टर विचारतात. सर तेही विचारायचे. मग स्टूल ओढून टेबलाशी बसायचे, तोंडावरचा मास्क हनुवटीखाली घ्यायचे आणि विचारायचे, "आज तुमचं काय करणार आहेत?" याचं उत्तर पेशंटच्या तोंडून, त्याच्या शब्दांत आल्याशिवाय सिरिंज भरली जायची नाही. "डॉक्टर म्हणतील ते" हे उत्तर चालत नसे. "कागदावर लिहिलंय की" हेही चालत नसे. एका आजीबाईंनी पित्ताच्या खड्यांची कहाणी सुनेच्या माहेरापासून सुरू केली होती आणि सर्जन धुतलेले हात वर धरून दहा मिनिटं ताटकळला होता. एक गृहस्थ तर उखडलेच, की तुम्हालाच ठाऊक नसेल तर मी निघतो. बावीस वर्षांत या प्रश्नातून हाती लागलं काय, तर दोनदा भलताच गुडघा कापायचा वाचला. तरी सर्जन मंडळी सहन करत, कारण माणसाचा हात सोन्यासारखा होता. पाठीत सुई गेली कधी हे पेशंटला कळत नसे.

त्या मंगळवारी सकाळी दहाला सर मॅडमच्या प्रसूतिगृहात पोचले. मॅडम म्हणजे त्या दवाखान्याच्या मालकीण आणि तिथल्या एकमेव डॉक्टर. दोन मजले, बारा खाटा, खाली काचेचं दार. बाकी इमारत जुनी आणि दार मात्र नवं, कारण तीन वर्षांपूर्वी एका पेशंटच्या नातेवाइकांनी आधीच्या दाराचा चुराडा केला होता. तेव्हापासून जिन्यात जरा आवाज चढला तरी मॅडमचा हात थबकायचा. सर हे बघत आलेले होते.

टेबलावरची बाई तिशीची असेल. शर्टाच्या कारखान्यात कॉलर जोडायचं काम करायची. दोन मुली, दोन्ही वेळा सिझर, आता हे तिसरं. मागच्या खेपेला रक्त इतकं गेलं होतं की ती तीन दिवस शुद्धीवर नव्हती. सरांनी स्टूल ओढलं, मास्क खाली घेतला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"दोन गोष्टी," ती बोटांवर मोजत म्हणाली. "बाळ काढणार आणि नळ्या बांधणार. परत दिवस जायला नकोत म्हणून. मॅडम म्हणाल्यात, आता एकदा उसवलं तर शिवायला कापडच उरायचं नाही."

असं चोख उत्तर सरांना क्वचित मिळे. ते खूश झाले, फाइल उघडली आणि त्यांची बोटं थांबली. सिझरच्या संमतीचा कागद होता, खाली तिची सही होती. नळ्या बांधायचा कागद नव्हता. त्यांनी फाइल मागून पुढे चाळली. मग मोठ्या सिस्टरकडे पाहिलं. मोठ्या सिस्टर इथल्या सगळ्यांत जुन्या, मॅडमच्याही आधीपासूनच्या. त्या एकदम कात्र्या नीट लावायला लागल्या, आणि कात्र्या तर आधीच नीट लावलेल्या होत्या.

"सिस्टर?"

"मॅडमना विचारा, सर," त्या मान वर न करता म्हणाल्या.

सरांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवून दिली आणि बाहेरच्या खोलीत गेले. मॅडम बेसिनपाशी कोपरापर्यंत हात घासत होत्या. त्या शिकाऊ डॉक्टर असल्यापासून सर त्यांना ओळखत, त्यामुळे चारचौघांत मॅडम आणि एकटं असलं की 'तू' असा हिशोब होता.

"तिचा दुसरा कागद कुठे आहे?"

मॅडमनी नळाखाली हात धरूनच सांगितलं. काल दुपारी त्या बाईनं कागद वाचून, विचारून सही केली होती. संध्याकाळी नवरा आला. त्यानं फाइल बघायला मागितली, कागद काढला आणि काउंटरवरच त्याचे चार तुकडे केले. आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाला की मी बायकोला बाळंतपणाला आणलंय, बाकी काही केलंत तर तुमचं हे दार परत नवं बसवावं लागेल. मॅडमना रात्रभर झोप नव्हती. शेवटी त्यांनी ठरवलं, सिझर तेवढं करायचं. नळ्यांचं पुढे बघू.

"आणि तिला कुणी सांगितलंय?"

"सांगणार आहे ना. टाके काढायला येईल तेव्हा, शांतपणे."

"मागच्या वेळी ती टाके काढायला आली होती का?"

मागच्या वेळी ती आली नव्हती. कारखान्यात सुट्टी मिळाली नाही म्हणून घराजवळच्या नर्सनंच टाके काढले होते. हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे ही बाई इथून घरी जाणार ती नळ्या बांधल्यात असं धरून. निश्चिंत राहणार. आणि वर्षभरात दिवस गेले की एखाद्या दुपारी, शिलाई मशीनपुढे बसल्या बसल्याच, गर्भाशयावरचा तो जुना टाका आतून फाटणार. कापडच उरायचं नाही, हे तिनं मघाशी हसत सांगितलं होतं.

सरांना तिथंच, त्या ओल्या फरशीवर, दरदरून घाम फुटला. त्याला कारण होतं आणि ते सव्वीस वर्षांपूर्वीचं होतं.

तेव्हा सर नवे होते, हाताला उसंत नव्हती. एका छोट्या दवाखान्यात त्यांनी एका बाळंतिणीला भूल दिली. सगळं विचारलं, जेवण, दात, दमा. कागद पाहिला, सही पाहिली, तिला आकडे मोजायला लावले आणि सातपर्यंत ती झोपली. चार वर्षांनी दुसऱ्या एका दवाखान्यात तीच बाई त्यांच्यापुढे टेबलावर आली. मधल्या काळात तिचं धाकटं मूल तापानं गेलं होतं. दुसरं होत नाही म्हणून ती डॉक्टरांचे उंबरे झिजवत होती, आणि आज दुर्बीण घालून बघणार होते. दुर्बीण घातली आणि दिसल्या त्या बांधलेल्या नळ्या. चार वर्षांपूर्वी तिला सांगितलं होतं की खालचे टाके नीट करायचेत. सही नवऱ्याची होती. तो नवरा चारही वर्षं प्रत्येक डॉक्टरकडे तिच्यासोबत गेला होता, औषधं आणत होता आणि एक अक्षर बोलला नव्हता. शुद्धीवर आल्यावर तिला सांगायचं काम सर्जननं केलं. ती सर्जनकडे बघतच नव्हती. तिनं सरांना आवाजावरून ओळखलं होतं.

"तुम्ही मला जेवलात का विचारलंत," ती म्हणाली. "दात हलतो का विचारलंत. एवढंच नाही विचारलंत."

सरांनी नंतर स्वतःशी बरेच युक्तिवाद केले. सही बघणं माझं काम नाही, सर्जनचं आहे. मला काय स्वप्न पडणार होतं? सगळे युक्तिवाद बरोबर होते आणि एकही उपयोगी पडला नाही. तेव्हापासून त्यांनी तो प्रश्न धरला तो सोडला नाही.

गंमत अशी, की इतकी वर्षं ते 'नको' ऐकायला कान देऊन बसले होते. बाईच्या मनात नसताना कुणी काही करेल, याची त्यांना धास्ती. आज समोर 'हो' म्हणणारी बाई होती आणि तिचा 'हो' चार तुकडे होऊन कचऱ्यात गेला होता.

"एक तर तू तिला आत्ता सांग," ते मॅडमना म्हणाले, "नाहीतर मी सांगतो. ती हे न कळता माझ्या सुईखाली येणार नाही."

"सर, तुम्ही अर्ध्या तासात स्कूटरवर बसून निघून जाल. इथं मी बसते."

हे खरं होतं. सरांना ते लागलंही. पण त्यांनी पाठ फिरवली आणि आत आले.

स्टूलवर बसून त्यांनी तिला सरळ सांगितलं. तुमचा कागद फाइलमध्ये नाही, तुमच्या नवऱ्यानं फाडला, आज फक्त बाळ काढायचं ठरलंय. तिनं वरच्या मोठ्या दिव्यावरची नजर सरांकडे वळवली.

"म्हणजे मला कळलंच नसतं?"

"नसतं."

सरांना मनातून वाटत होतं की तिनं हो म्हणावं. तो टाका, ते रक्त, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. म्हणूनच त्यांनी स्वतःला आवरलं आणि आवाज होईल तेवढा सपाट ठेवला. सही फक्त तुमची लागते, नवऱ्याची नाही. नको म्हणालात तरी चालेल. नंतर बघू म्हणालात तरी चालेल, दुसरेही उपाय आहेत. तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा.

"मागच्या वेळी मी तिसऱ्या दिवशी घरच्यांना ओळखलं," ती म्हणाली. "धाकटी जवळ यायला तयार नव्हती. तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की आई गेली. ती मला भूत समजून रडत होती. दुसरा कागद आणा."

कागद आणायला जायची वेळच आली नाही. मोठ्या सिस्टरनी हातमोज्यांच्या खोक्याखालून घडी घातलेला, संमतीचा छापील कोरा कागद काढला. तो त्यांनी तिथं कधी ठेवला होता, हे सरांनी विचारलं नाही. तिनं सावकाश, अक्षर लावून सही केली. साक्षीदार म्हणून सरांनी केली. दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती, तिथं सिस्टरनी न सांगता सही केली आणि परत कात्र्यांकडे वळल्या.

आणि मग तिनं टेबलाची कड घट्ट धरली. कळ होती. दोन मिनिटांनी दुसरी आली. ठरवून करायचं सिझर होतं, कळा यायला अजून आठवडा होता, पण पोटातल्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. आता तासभर वाद घालायची सोय उरली नाही. तो टाका कळा सोसणारा नव्हता. सरांनी तिला बसवलं, पाठ वाकवायला सांगितली आणि सुई घातली. मॅडमना अडवायचं त्यांच्या हाती एकच हत्यार होतं, भूल न देणं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं खाली ठेवलं.

मॅडम आत आल्या, गाऊन चढवला. सरांच्या ट्रॉलीवरचा कागद त्यांना लांबूनच दिसला.

"अडकवलंत मला," त्या मास्कमधून हळू म्हणाल्या. "कागदानं काच वाचत नाही, सर."

"मी थांबतो आज. संध्याकाळपर्यंत. तिच्या दाराशी बसतो."

"बसून काय करणार? साठीला आलात."

"बसेन," सर म्हणाले. त्यांनाही याहून जास्त काही सुचलं नव्हतं.

हिरवा पडदा लागला. पडद्याच्या पलीकडे पोट आणि मॅडम, अलीकडे तिचा चेहरा आणि सर. तिचे पाय जड झाले, गरम लागायला लागले, मग लागेनासे झाले. सरांचं एक बोट तिच्या मनगटावर आणि डोळे मॉनिटरवरच्या आकड्यांवर होते. थोड्या वेळानं पलीकडचं काम एकदम थांबलं.

"काय झालं?"

"टाका उरलेलाच नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "नुसता पापुद्रा आहे. आतून बाळाचे केस दिसतायत."

सरांनी तिचं मनगट सोडलं नाही. रक्तदाब घसरत होता, त्यांनी औषध दिलं, वाट पाहिली, परत दिलं. त्यांना वाटलं, आज कळा घरी सुरू झाल्या असत्या तर. तेवढ्यात पलीकडून रडणं ऐकू आलं, खणखणीत, तक्रारीचं. मोठ्या सिस्टरनी बाळ पडद्याच्या अलीकडे आणून तिच्या गालाला लावलं. ती हसली, रडली, दोन्ही एकदम केलं. मुलगा की मुलगी हे तिनं विचारलं नाही. तिनं सरांना विचारलं, "बांधल्या का?"

पलीकडे मॅडम गर्भाशय शिवत होत्या. ते झालं की पोट बंद. एवढाच वेळ होता.

"मॅडम, त्या विचारतायत," सर म्हणाले.

पलीकडून चिमटा ट्रेमध्ये ठेवल्याचा तेवढा आवाज आला.

मग सरांनी जे केलं ते आजवर कधी केलं नव्हतं. त्यांनी आपल्या बाजूचा चाप सैल केला आणि पडदा चार बोटं खाली घेतला. पोट दिसू नये, चेहरे तेवढे दिसावेत, एवढाच. मॅडमनी मान वर केली. हजारो बायकांची पोटं त्यांनी उघडली होती, पण मध्येच त्या बाईच्या डोळ्यांत बघायची वेळ कधी आली नव्हती.

"घरी गेल्यावर काय होईल, कळतंय ना तुला?" मॅडमनी तिला विचारलं.

"कळतंय. तुम्हाला दाराची भीती वाटते, तेही कळतंय. ते दार परत बसवता येतं, मॅडम."

मॅडमनी हात पुढे केला आणि म्हणाल्या, "सिस्टर, धागा."

सरांनी पडदा परत वर केला. चाप दोनदा निसटला.

तिला खोलीत हलवल्यावर त्यांनी विचारलं, बाहेर तुमचे मिस्टर विचारतील, मी काय सांगू? ती म्हणाली, "तुम्ही काही सांगू नका. माझं आहे ते मी सांगते. तुम्ही फक्त लांब जाऊ नका." सरांनी दुपारच्या केसला नाही म्हणून फोन केला आणि तिथल्या सर्जनची बोलणी खाल्ली. घरी कळवलं. बायकोनं विचारलं, स्कूटर बंद पडली का? इतक्या वर्षांत ते कुठल्याही दवाखान्यात जेवायच्या वेळेपर्यंत थांबले नव्हते. थिएटरमधलं स्टूल त्यांनी उचलून आणलं आणि तिच्या दाराबाहेर ठेवून त्यावर बसले.

नवरा चारला आला. सरांनी मनात एखादा आडदांड माणूस उभा केला होता. हा किडकिडीत, सामान पोचवायची गाडी चालवणारा, हातात बाळाच्या झबल्यांची पिशवी. जिन्यात त्याला सिस्टरनी बाळ दाखवलं तेव्हा तो खरोखर हरखला होता. असल्या माणसाचं हेच अवघड असतं, त्याच्यावर धड रागावताही येत नाही. वर आल्यावर मात्र त्याचा चेहरा बदलला.

"सिझरच केलंत ना फक्त?"

"तिला विचारा," सर बसल्या जागेवरून म्हणाले.

"मी तुम्हाला विचारतोय."

"ऐकलं मी. तिला विचारा."

तो दोन पावलं पुढे आला. सर उठले. खालून जिन्यावर पावलं वाजली. मॅडम वर येत होत्या, टोपी डोक्यावर तशीच, मास्क गळ्यात. स्टूलच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि दार ढकलून तो आत गेला. दार उघडंच राहिलं.

ती उशीला टेकून पडली होती. बाळ कुशीत होतं. त्यानं काही विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. झबल्यांची पिशवी त्याच्या हातात तशीच लोंबत होती.

"कुणाला विचारून केलं हे?"

"मला विचारून," ती म्हणाली.